एकाच वॉर्डातली दोन लेकरं

वाचकाचं पत्र, थोडक्यात : दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार घरातल्या ताईंनी लिहिलं आहे. गोडी छाटणी सुरू असताना त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीचा घसा दुखू लागला, बारीक ताप आला. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला आणि त्याच संध्याकाळी नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. घटसर्पाचं, म्हणजे डिप्थेरियाचं, निदान झालं, रात्रीच सिरम, म्हणजे या आजाराच्या विषावरचं इंजेक्शन, दिलं गेलं. मुलगी दोन आठवड्यांनी घरी आली. ती आजारी पडल्यावर चार दिवसांनी त्यांच्याच मळ्यातल्या शेडवर राहणाऱ्या, सुरगाण्याकडून आलेल्या मजूर जोडप्याचा पाच वर्षांचा मुलगा तापला. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर पाच दिवस गेले. मान सुजली, श्वासाला आवाज येऊ लागला, तेव्हा सहाव्या दिवशी तो त्याच वॉर्डात दाखल झाला. पुढच्या पाच दिवसांत घसा मोकळा झाला, तो भात खाऊ लागला. वडिलांनी सही करून त्याला शेडवर आणलं. दोन दिवसांनी सकाळी तो उठून उभा राहिला आणि कोसळला.

आता गावातल्या बागायतदारांनी ठरवलं आहे की पुढच्या कामांना पोरंबाळं असलेली टोळी आणायची नाही, आणि त्या मजूर जोडप्याच्या पाड्यावरची तर मुळीच नाही. ताईंच्या घरच्यांचाही तोच आग्रह आहे. सासूबाई म्हणतात रोग गोठ्यातून आला. ताई विचारतात : माझी वाचली, तिचा का गेला? आमच्याकडे गाडी आणि पैसा होता म्हणून? त्याची आई म्हणते इंजेक्शननेच मारलं, ते खरं असेल का? मुलांसकट मजूर आणणं धोक्याचं आहे का? तिला भेटायला जावं का? घरचे म्हणतात, गेलीस तर आपलाच दोष होता असा अर्थ निघेल. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : मुलगी आता छान आहे, फक्त नाकातून बोलते, आणि पाणी पिताना कधी कधी ते नाकातून बाहेर येतं.

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला निरोप पाठवला होता. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरातही असंच मूल असू शकतं. नाकातून बोलणं आणि पाणी नाकावाटे येणं हे ओल्या घशाचं लक्षण नाही. घटसर्पाच्या विषाने टाळूच्या नसा दुबळ्या झाल्या की असं होतं, आणि ते आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, घसा साफ दिसत असतानाच सुरू होतं. यातून बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, वेळ मात्र लागतो. धोका असा की घास किंवा पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून तिला जिथे दाखल केलं होतं तिथेच पुन्हा दाखवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तोपर्यंत ताठ बसवून छोटे घोट, छोटे घास द्या. पातळ पाण्यापेक्षा पेज, खिमटीसारखं दाटसर सोपं जाईल. पुढच्या दोन महिन्यांत जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसू लागली, पाय लटपटले किंवा श्वास उथळ झाला, तर तेही याच आजाराचं शेपूट समजा आणि त्याच दिवशी न्या. ईसीजी पुन्हा काढून घ्या. शाळेतली कवायत, पळापळी, सायकल डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

आता तुमचा मोठा प्रश्न. माझी वाचली, त्याचा का गेला?

हे सांगायला आधी घटसर्प मारतो कसा ते सांगायला हवं. जंतू घशात राहतात, तिथे राखाडी, चिवट पडदा तयार होतो, आणि काही मुलं त्या पडद्यानेच श्वास कोंडून जातात. पण जंतू तिथे बसून जे विष सोडतात ते रक्तातून हृदयाला, नसांना, मूत्रपिंडांना पोचतं. सिरम, म्हणजे अँटिटॉक्सिन, हे रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करतं. एकदा का विष पेशीच्या आत शिरलं, की सिरमचा तिथे हात पोचत नाही. तुम्ही बागायतदार आहात, डावणी या द्राक्षाच्या पानांवरच्या बुरशीच्या फवारणीचं गणित तुम्हाला माहीत आहे : पावसाआधी पानावर मारलेलं स्पर्शजन्य औषध बाग वाचवतं, बुरशी पानात शिरल्यावर तेच औषध कितीही मारलं तरी गेलेलं पान परत येत नाही. सिरमचंही असंच आहे. म्हणूनच त्याचा डोस मुलाच्या वयावर किंवा वजनावर ठरत नाही. पडदा किती पसरला आहे आणि आजाराला किती दिवस झाले आहेत, यावर तो ठरतो. साधारण वीस हजार युनिटपासून एक लाख युनिटपर्यंत. लहानग्यालाही मोठ्या माणसाइतकाच.

सिरमला शंभराहून जास्त वर्षं झाली. बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली त्याचं तत्त्व मांडलं, त्याच कामासाठी बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. १८९४ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात एमिल रू यांनी ते वापरलं. तिथे घटसर्पाची निम्मी मुलं दगावत असत, सिरमनंतर ते प्रमाण जवळपास चौथ्या हिश्शावर आलं. आजही उपचार मिळूनसुद्धा शंभरातले पाच ते दहा रुग्ण जातात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत हा आकडा विसापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे दवाखान्यात पोचलं की सुटलो, असा हा आजार नाही.

तुमच्या मुलीला आणि त्या मुलाला या हिशोबात ठेवून पाहू. तुमच्या मुलीला दीड वर्षापर्यंतचे सगळे डोस झाले होते, पाचव्या वर्षाचा बूस्टर तेवढा राहून गेला. तो राहिला म्हणून ती आजारी पडली असेल, पण आधीच्या चार डोसांनी तिच्या शरीराला या विषाची ओळख करून दिली होती, आणि डोस झालेल्या मुलांत आजार सहसा सौम्य राहतो. त्या मुलाला, तुम्ही लिहिता त्याप्रमाणे, बहुधा एकच डोस मिळालेला. तिला सिरम तिसऱ्या दिवशी मिळालं, त्याला सहाव्या. ती दाखल झाली तेव्हा पडदा फक्त टॉन्सिलवर होता. त्याची मान फुगून बैलाच्या मानेसारखी झाली होती, आणि आवाज येणारा श्वास म्हणजे पडदा स्वरयंत्रापर्यंत उतरलेला. अशी सुजलेली मान, पसरलेला पडदा, अडलेला श्वास, लहान वय, अपुरे डोस, अंगावर मांस नसणं, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा म्हणजे सिरमला झालेला उशीर. दाखल झालेल्या मुलांपैकी कोण घरी जाईल हे बहुतांशी यांवर ठरतं. यातली एकही गोष्ट वॉर्डात घडलेली नाही.

मग घसा मोकळा झाला, भात खाऊ लागला, तरी तो कोसळला कसा? विष हृदयाच्या स्नायूत आधीच गेलेलं असतं, पण त्याचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नेमका तेव्हाच पडदा गळून पडलेला असतो, ताप नसतो, मूल हसतं-खेळतं. आतमध्ये हृदयाची लय बिघडत असते, आणि ते ईसीजीवरच कळतं. अशा वेळी मूल उठून चाललं, जोर केला, तरी हृदय बंद पडू शकतं. म्हणून डॉक्टर बऱ्या दिसणाऱ्या मुलाला आडवं ठेवतात, आणि म्हणूनच आईबापांना ते पटत नाही. तो गेला तो आजाराचा तेरावा दिवस होता. त्या आईला जमलं तर हे सांगा : सिरम घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची ॲलर्जी येऊ शकते हे खरं, पण तीव्र ॲलर्जी येते ती बहुतेक वेळा इंजेक्शन देताना किंवा त्यानंतरच्या काही तासांत, आणि त्यासाठीच ते डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. सात दिवसांनी अचानक कोसळणं हे हृदयावरच्या विषाचं लक्षण आहे. इंजेक्शनने त्याला मारलं नाही. इंजेक्शन त्याच्यापर्यंत उशिरा पोचलं.

आणि त्यांनी त्याला घरी आणलं म्हणून तो गेला, असं कुणालाही तिच्यासमोर म्हणू देऊ नका. हृदय इतकं बिघडलेली काही मुलं अतिदक्षता विभागातही जातात. तुम्ही लिहिलंय की वॉर्डात तिच्यावर आरडाओरडा झाला, सही घेतली गेली, पण चौदा दिवस का थांबायचं हे तिला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं नाही. मला याचा राग येतो. खेळतं-जेवतं लेकरू झोपवून ठेवायचं, तेही रोजची मजुरी बुडवून, दुसरी दोन मुलं शेडवर सोडून, तर त्याचं कारण आईबापाला समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. आमच्या डॉक्टरी व्यवसायातल्या माणसांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते.

तुम्ही विचारता, पैशामुळे का? हो, बऱ्याच अंशी. दोघं एकाच सरकारी वॉर्डात होती, औषध तेच होतं. पण तुमच्याकडे गाडी होती, तुमचं काम एक दिवस थांबलं तर उचल अंगावर चढत नव्हती, आणि चौदा दिवस एका माणसाने खाटेजवळ बसणं तुमच्या घराला परवडत होतं. याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. यातलं बरंच तुमच्या मळ्यात बदलता येण्याजोगं आहे.

आता जरा अवघड बोलते. गाव म्हणतं रोग मजुरांनी आणला. तुम्हीच दिलेल्या तारखा पाहा. तुमची मुलगी आधी आजारी पडली, तो चार दिवसांनी. घटसर्प संसर्ग झाल्यापासून बहुधा दोन ते पाच दिवसांत दिसतो. दोघं पाण्याच्या टाकीजवळ एकत्र खेळत, एका ताटलीतलं खात, असं तुम्हीच लिहिलंय. कुणाकडून कुणाला गेला हे आता कुणीच ठरवू शकणार नाही, पण या तारखांवरून दोष मजुरांवर ढकलता येत नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या घशातही हे जंतू राहू शकतात. लस विषापासून वाचवते, जंतू घशात बसण्यापासून नेहमीच वाचवत नाही. शाळेतून, लग्नातून, घरातल्याच मोठ्या माणसाकडूनही तो येऊ शकतो. सासूबाईंना सांगा, गाई-म्हशींचा घटसर्प वेगळ्या जंतूने होतो, गोठ्याचा इथे संबंध नाही. हे तुमच्या मनावर ओझं टाकायला लिहीत नाही. आठ वर्षांच्या मुलीने काही केलेलं नाही, तुम्हीही नाही. पण ज्या कारणावर गाव त्या पाड्याचं काम तोडायला निघालं आहे, ते कारणच टिकत नाही.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला जास्त बोचली. मुलीचं निदान झाल्यावर आरोग्य पथक आलं, घरातल्या सगळ्यांच्या घशाचे नमुने घेतले, गोळ्या दिल्या, शाळेतही जाऊन आले. मळ्याच्या टोकाच्या शेडकडे कुणी वळलं नाही, आणि तिकडे माणसं आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्याच दिवशी तो मुलगा पहिल्यांदा तापला होता. त्या दिवशी कुणी त्याचा घसा पाहिला असता, तर तोही तुमच्या मुलीसारखाच वेळेत दवाखान्यात पोचला असता. घटसर्पाच्या रुग्णाच्या सहवासातल्या प्रत्येकाला, लस झालेली असो नसो, प्रतिजैविक द्यावं लागतं : एरिथ्रोमायसिनचा आठवडा-दहा दिवसांचा कोर्स किंवा पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. शिवाय आठवडाभर रोज घशावर नजर ठेवायची आणि राहिलेला डोस द्यायचा. सहवासात घरचा आणि मजूर असा फरक नसतो. पुढे कुणाच्याही घरी अशी वेळ आली, तर पथकाला शेड, वीटभट्टी, बांधकामावरची खोली, जिथे जिथे मुलं असतील ते सगळं दाखवा.

मुलांसकट टोळी आणायची नाही, या ठरावाचं काय होईल ते मी सांगू शकते, कारण असे ठराव आधीही झाले आहेत. ज्यांच्याकडे पाड्यावर मुलं सांभाळायला म्हातारं माणूस आहे ते मुलं सोडून येतील, त्या मुलांची लस आणि जेवण दोन्ही सुटेल. ज्यांच्याकडे नाही, ते मुलं आणतील आणि लपवतील. आजारी पडलेलं लपवलेलं मूल मालकाला कुणी सांगत नाही. गावाला ज्याची भीती आहे तेच त्यातून होईल, फक्त कळायला आणखी उशीर होईल. काही जण म्हणतील, लसीचं कार्ड असलेल्यांनाच घ्या. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण माता-बाल संरक्षण कार्ड हंगामाला येताना कोण सोबत घेतं? कार्ड नसलेल्यालाच लसीची गरज जास्त असते, आणि त्यालाच तुम्ही परत पाठवाल.

मला विचाराल तर टोळी येऊ द्या, मुलंही येऊ द्या, आणि नर्सबाईंना मळ्यावर बोलवा. सरकारी लसीकरण मोफत आहे आणि ते गाव बघून नाकारता येत नाही. सुरगाण्याचं मूल दिंडोरीच्या उपकेंद्रात लस घेऊ शकतं. मुकादम टोळी घेऊन उतरला की त्याच आठवड्यात गर्भवती बायका आणि सोळा वर्षांपर्यंतची सगळी मुलं, नाव आणि वयासकट कागदावर लिहा आणि आशाताईंकडे द्या. चार-पाच मळे मिळून एक दिवस ठरला तर नर्सबाईंनाही सोपं. त्या दिवशी दोन तास काम बंद ठेवा आणि त्या दोन तासांची मजुरी द्या. हे नाही केलं तर कुणी रांगेत येणार नाही.

वेळापत्रक असं आहे : सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (घटसर्पासह पाच आजारांवरची लस), सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) पहिला बूस्टर, पाच ते सहा वर्षांत दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. गरोदरपणातही टीडी असते. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला द्यायचा. सात वर्षांपर्यंत डीपीटी, त्यापुढे टीडी. आपल्याकडे घटसर्प आता तान्ह्यांपेक्षा शाळकरी मुलांत जास्त दिसतो तो या पाचव्या वर्षापासूनच्या राहून गेलेल्या डोसांमुळे. बाळाचं कार्ड भरलं की आया ते ट्रंकेत ठेवून देतात, आणि आठवण करून द्यायला कुणी नसतं. पुष्कळ शिकलेल्या, नाशिक शहरातल्या घरांतही हा डोस राहिलेला असतो. तुमचा राहिला, तर त्यात तुम्ही एकट्या नाही. आणि ताई, घटसर्प होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नसतं. मुलगी सावरली की तिलाही टीडी द्यायची आहे. तुमच्या आणि यजमानांच्या डोसांचंही विचारा.

दुसरी गोष्ट, टोळीतल्या प्रत्येक बाईला एवढं माहीत असू द्या. घसा दुखतो, ताप फार नाही, तरी मूल मलूल आहे, गिळत नाही, तोंडाला घाण वास येतो, नाकातून रक्ताळ पाणी येतं, तर बॅटरी मारून घसा बघायचा. टॉन्सिलवर पांढरट-राखाडी थर दिसला तर तो बोटाने, कापसाने खरवडायचा नाही, रक्त येतं. मेडिकलवर जायचं नाही. मान सुजली किंवा श्वासाला आवाज आला तर १०८. रुग्णवाहिका निघतानाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून विचारायला सांगा की सिरम कुठे शिल्लक आहे. ते प्रत्येक दवाखान्यात नसतं, आणि तीन ठिकाणी फिरण्यात एक दिवस जातो. घशाच्या नमुन्याचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, सिरम त्यासाठी थांबवायचं नसतं. तुमच्या मळ्यातली गाडी त्या दिवशी कुणाच्याही लेकरासाठी निघेल, हे मुकादमाला हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. आणि मूल दाखल झालं तर आईबापापैकी एकाची मजुरी चालू राहील, हेही. सही करून मुलं घरी येतात ती बहुतेक वेळा या मजुरीपायी.

त्या आईकडे जाण्याबद्दल विचारता. जा. दोष मान्य केल्यासारखं होईल, या भीतीने एका आईने दुसऱ्या आईकडे न जाणं मला पटत नाही. समजावण्याच्या भरात पडू नका, ती विचारेल तेवढंच सांगा. पैसे हातात ठेवण्यापेक्षा त्या कुटुंबाच्या अंगावरची उचल यजमानांना सांगून माफ करा, आणि ते मुकादमासमोर बोलून घ्या, म्हणजे पुढच्या हंगामात तो ती वसूल करणार नाही. गावात कुणी त्या पाड्याबद्दल काही म्हणालं, तर तारखा तुमच्याकडे आहेत.

जायचं ते मात्र लवकर जा. तिची आणखी दोन लेकरं आहेत असं तुम्ही लिहिलंय, तीही त्याच शेडवर झोपत होती. त्यांना प्रतिजैविक मिळालं का, घशाचे नमुने घेतले का, डोस किती झालेत, हे आशाताईंना सोबत घेऊन पाहा. ती पाड्यावर परत गेली असतील, तर तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिथल्या केंद्राला फोन करायला सांगा आणि मुलांची नावं-वयं द्या. हे मुलीला दवाखान्यात न्याल त्याच दिवशी करा.